मांगराईच्या डोंगरात जागा घ्यायची म्हणता?

सिंगापूरला नोकरी करणाऱ्या एका मराठी जोडप्याचा प्रश्न आहे. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर, रुतेंग शहराच्या पुढे डोंगरात असलेल्या, मांगराई लोकांच्या एका गावात ते आठ दिवस राहून आले. निघताना गावातल्या एका भल्या माणसाने त्यांना दरीच्या तोंडावरची वीसेक गुंठे जागा दाखवली. त्याने सांगितलेल्या पैशात पुण्यात गाडी लावायची जागासुद्धा मिळणार नाही. ते विचारतात : ही जागा आमच्या नावावर होईल का? घर बांधून तिथं राहता येईल का? दोन खोल्या पाहुण्यांना देऊन खर्च भागेल का?

मी मूळचा जुन्नरकडचा. कॉफीची खरेदी आणि प्रक्रिया या कामासाठी २०१० साली पश्चिम फ्लोरेसमध्ये आलो आणि राहिलो. जमिनीच्या बोलण्यांना गावकऱ्यांच्या बाजूने बसलोय, बाहेरून आलेल्यांच्या बाजूनेही बसलोय. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. जागा तुमच्या नावावर होणार नाही. राहता येईल, आणि चांगलं राहता येईल. पाहुणे येतील, पण त्यांच्या भरवशावर घर चालणार नाही. आता एकेक गोष्ट नीट सांगतो, कारण तुमच्यासारखी चांगली माणसं इथं पैसे आणि मैत्र्या दोन्ही घालवून गेलेली मी पाहिली आहेत.

इंडोनेशियाचा जमिनीचा मूळ कायदा १९६० चा, क्रमांक ५. त्यात पूर्ण मालकीला ‘हाक मिलिक’ म्हणतात आणि ती फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाकडे ती आडवळणाने जाईल असा कुठलाही व्यवहार केला, तर तो रद्दबातल ठरून जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसेही परत मिळत नाहीत, असं याच कायद्याचं २६ वं कलम सांगतं. तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल की ‘माझ्या मेहुण्याच्या नावावर घेऊ, वेगळा कागद करून देतो.’ या नावउसन्या कागदाला इथं ‘नॉमिनी’ म्हणतात. मी एक युरोपीय जोडपं ओळखत होतो. ज्याच्या नावावर जागा होती तो माणूस अगदी सज्जन होता. तो अचानक वारला. त्याच्या मुलांनी काही लबाडी केली नाही. कागदावर बापाची जागा होती, ती त्यांनी वाटून घेतली. त्या दोघांनी नऊ वर्षं जपलेल्या बागेतून ते दोन बॅगा घेऊन बाहेर पडले. न्यायालयात जायची सोय नव्हती, कारण तो कागद दाखवणं म्हणजे आपणच कायदा मोडल्याची कबुली देणं.

हे ऐकून राग येऊ देऊ नका. आपल्याकडेही शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, आणि परदेशी नागरिकाला तर भारतात कुठेच शेत विकत घेता येत नाही. इथं तर जकार्ताच्या माणसालाही, तो त्या तालुक्यात राहत नसेल, तर शेतजमीन ठेवायला कायद्याने मनाई आहे. ज्या देशांनी परक्यांच्या मळेशाह्या सोसल्या, त्यांचे जमिनीचे कायदे असेच असतात.

तुमच्यासाठी वाटा दोन. पहिली ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क. राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला घरासाठी तो मिळू शकतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे मुदत आधी ३० वर्षं, मग २० वाढवून, मग ३० नव्याने, अशी ८० पर्यंत जाते. पण त्यासाठी मुळात त्या जागेला सरकारी प्रमाणपत्र असावं लागतं, आणि तुम्ही पाहिलेल्या जागेला ते नसण्याचीच शक्यता जास्त. दुसरी वाट ‘हाक सेवा’. इंडोनेशियन भाषेत सेवा म्हणजे भाडं. साधा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, वीस-पंचवीस वर्षांचा. गावात राहू इच्छिणाऱ्याला मी नेहमी हाच सुचवतो. परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढून जमीन धरण्याची तिसरी वाट शहरात कोणीतरी दाखवेल. त्या कंपनीची गुंतवणूक कागदोपत्री १० अब्ज रुपियांहून जास्त दाखवावी लागते. एका भारतीय रुपयाला साधारण पावणेदोनशे ते दोनशे रुपिया धरले तर हे पाच कोटींच्या घरात जातं. दोन खोल्यांसाठी तिचा विचारसुद्धा करू नका.

पण हा झाला जकार्ताचा कायदा. मांगराईत जमिनीचा खरा कायदा गावाच्या मधल्या घरात टांगलेला असतो, आणि माझं खरं सांगणं त्याबद्दल आहे.

प्रत्येक जुन्या गावाला एक ढोलघर असतं. ढोलाला इथं ‘गेंदांग’ म्हणतात, आणि ज्या कुळांचा तो ढोल, त्यांनाही गेंदांगच म्हणतात. मांगराई म्हण आहे, ‘गेंदांग ओने, लिंगको पेआंग’. ढोल आत, शेत बाहेर. म्हणजे ज्याचा ढोल, त्याची जमीन. एकाशिवाय दुसरं नाही. लिंगको म्हणजे कुळांची सामाईक शेतजमीन. रुतेंगजवळ चांचार गावच्या टेकडीवरून जी कोळ्याच्या जाळ्यासारखी भातखाचरं दिसतात, ज्यांचे फोटो तुम्हीही काढले असतील, ती म्हणजे वाटून दिलेले लिंगको. मधल्या बिंदूला ‘लोदोक’ म्हणतात. तिथं लाकडाचा एक खुंट रोवतात, आणि जमीन वाटणारा मानकरी, ‘तुआ तेनो’, त्या खुंटाभोवती बोटांनी मापं घेतो. एका घराला एक बोट, मानाच्या घराला दोन, कोणाला अडीच. खुंटापाशी बोटभर असलेली ती फाक बाहेरच्या कडेपर्यंत रुंदावत जाते आणि तिथं आख्खं खाचर होतं. त्या हिश्शाला ‘मोसो’ म्हणतात. मोसो म्हणजे बोट.

हे वाटप मी एकदाच जवळून पाहिलं, भाताचं नव्हे, कोरडवाहू मक्याच्या जमिनीचं. म्हातारा तुआ तेनो गुडघ्यांवर बसला होता, अंगठ्याच्या नखात माती गेलेली, आणि भोवती तीसेक माणसं त्याच्या बोटांकडे बघत होती. त्याने एका विधवेच्या हिश्शाचं बोट ठेवलं, क्षणभर थांबला, आणि बोट किंचित तिरपं केलं. खुंटापाशी तो फरक गव्हाच्या दाण्याएवढा होता. कडेला जाऊन पाहिलं तर तिला पाच-सहा पावलं जास्त मिळाली होती. कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी पाहिलं मात्र होतं.

आता विचार करा. तुम्हाला दरीच्या तोंडाची जागा दाखवणाऱ्या त्या भल्या माणसाकडे असा एक मोसो आहे. तो कसू शकतो, मुलाला देऊ शकतो, पण परक्याला विकणं त्याच्या एकट्याच्या हातात आहे असं गाव मानत नाही. तो खोटं बोलत नाहीये. त्याला मुलाच्या शिक्षणासाठी किंवा लग्नातल्या देण्यासाठी पैसे हवे असतील. पण पाच वर्षांनी त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणेल, आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. आणि तेव्हा त्याचंही खरंच असेल.

तो जमिनीच्या कराची पावती दाखवेल. ती मालकीचा पुरावा नाही. आपला सातबारासुद्धा मुळात महसुलाचा कागद, तसंच हे. प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक घ्या आणि जिल्ह्याच्या भूमी कार्यालयात, ज्याला इथं ‘बेपेएन’ म्हणतात, स्वतः जाऊन पडताळा. याच खात्याच्या ‘भूमी’ नावाच्या संकेतस्थळावर नोंद झालेल्या तुकड्यांचा नकाशा दिसतो. नाव वाचून मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं होतं. जागा वनहद्दीत तर नाही ना, हेही तिथंच विचारा. मांगराईतले कितीतरी जुने कॉफीचे मळे कागदावर जंगल आहेत. आणखी एक चौकशी आवश्यक आहे : २०१७ साली सरकारने फ्लोरेसला भूऔष्णिक ऊर्जेचं बेट ठरवलं, आणि रुतेंगच्या दक्षिणेला पोचो लेओकमध्ये त्यावरून गावकरी आणि प्रशासन यांच्यात मोठा संघर्ष उभा राहिला. तुमच्या दरीखाली वाफ आहे की नाही, हे जागेचा करार करण्याआधी कळलेलं बरं.

मग करायचं काय? जागा एका माणसाकडून न घेता गेंदांगकडून भाड्याने घ्या. गावप्रमुख ‘तुआ गोलो’, तुआ तेनो आणि कुळांचे वडीलधारे यांच्यासमोर बोलणं होऊ द्या, मग नोटारिसकडे कागद करा. सह्यांच्या बाबतीत एक गोष्ट लोक हमखास विसरतात. मांगराईत मुलगा म्हणजे ‘आता ओने’, आतला माणूस. मुलगी ‘आता पेआंग’, बाहेरची, कारण ती लग्न होऊन जाते. त्यामुळे गावचे पुरुष सह्या करतात आणि काम झालं असं समजतात. देशाचा कायदा मात्र मुलीला वारस मानतो. लाबुआन बाजोला, म्हणजे किनाऱ्यावरच्या गावाला, दिलेल्या बहिणीची सही राहिली म्हणून मोडलेले दोन करार मी पाहिले आहेत. भाडं एकरकमी देण्यापेक्षा दर पाच वर्षांनी द्या, आणि त्यातला ठरलेला भाग ढोलघराच्या दुरुस्तीला जाईल असं कागदातच लिहा. असं केलं की तुमचं तिथं असणं सगळ्यांच्या सोयीचं होतं.

बोलणं सुरू होण्याआधी तुमच्यासमोर एक कोंबडा आणि ताडीचं भांडं येईल. कोंबडा पोटाशी धरून वडीलधारा माणूस लयीत बरंच काही बोलेल. त्याला मध्ये तोडू नका, घड्याळ बघू नका. ताडी पीत नसलात तर भांड्याला हात लावून परत द्या, पुरे होतं. त्या बोलण्यात तुमचं नाव आणि तुमच्या पूर्वजांचा उल्लेख येतो. तिथंच तुमची खरी नोंद होते.

आता राहण्याबद्दल. पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून प्लास्टिकच्या नळीने येतं आणि पावसाळ्यात महिन्यातून दोनदा तरी नळी वाहून जाते. ती परत जोडायला घरटी एक माणूस जातो. पैसे देऊन मजूर पाठवू नका, स्वतः जा. वीज बहुतेक गावांत पोचली आहे, जाते-येते. मोबाइलला तेल्कोमसेलच चालतो, आणि तोही चर्चच्या आवारात किंवा एखाद्या वळणावरच. त्या वळणावर संध्याकाळी आख्ख्या गावाची तरुण पोरं बसलेली दिसतील. सिंगापूरची नोकरी तिथून करायचा विचार असेल तर उपग्रहाचं इंटरनेट आणि सौर बॅटऱ्या धरून हिशेब करा.

खाणं साधं. भात, कसाव्याच्या पाल्याची भाजी, मका, सुकी मासळी. तुम्ही शाकाहारी असाल तर घरोघरी आधी सांगून ठेवा, नाहीतर पाहुणा आला म्हणून डुक्कर किंवा कोंबडी कापली जाईल आणि नाही म्हणताना दोघांनाही अवघड होईल. कॉफी मात्र अशी की परतल्यावर दुसरी गोड लागणार नाही. माझ्या शेजारची म्हातारी पहाटे उखळात भाजलेल्या बिया कांडायची, आणि त्या आवाजाला माझी झोप उघडायची. पहिल्या वर्षी मी तिला विचारलं, मशीन देऊ का? ती म्हणाली, मग तू उठलास की नाही ते मला कसं कळेल?

खर्चाचा जो भाग कोणीच धरत नाही तो म्हणजे आहेर. मूल शिकायला शहरात निघालं की ‘वुआत वाई’ करतात. गाव जमतं, जेवण होतं, प्रत्येकजण पाकीट देतो आणि त्यातून त्या मुलाची फी उभी राहते. जून-जुलैत अशी बोलावणी आठवड्याला दोन-तीन येतात. वर लग्नं, मयती, नोव्हेंबरच्या सुमाराची पेंती, म्हणजे सुगीनंतरचा कृतज्ञतेचा सण. तुम्हाला श्रीमंत समजलं जाईल, आणि गावाच्या मानाने तुम्ही आहातच. सुरुवातीलाच एखाद्या जाणत्या बाईला विचारून आपली रक्कम ठरवा आणि सगळ्यांना तीच द्या. बायकांची ‘आरिसान’ असते, आपली भिशीच ती. तिच्यात शिरा, भाषा शिकायला त्याहून चांगली शाळा नाही. शब्द तर अर्धे ओळखीचे निघतील : देसा, गुरू, भाषेचं ‘बाहासा’, आणि सरपंचाला ‘केपाला देसा’, ज्यात आपलं कपाळ बसलं आहे. गोव्याच्या वाचकांना तर पोर्तुगीज मार्गाने आलेलं ‘मेजा’ म्हणजे मेज आणि ‘लेमारी’ म्हणजे अलमारी चर्चच्या दारातच भेटतील. बेटाच्या पूर्व टोकाला लारांतुका इथं पवित्र आठवड्याची जी मिरवणूक निघते, ती त्या काळाची आठवण आहे जेव्हा या किनाऱ्यांवरच्या पोर्तुगीज वसाहतींचा कारभार गोव्याशी बांधलेला होता.

तब्येतीच्या बाबतीत मी कडक आहे. १९९७ साली बाहेरून आलेल्या कुत्र्यांबरोबर फ्लोरेसमध्ये रेबीज शिरला, आणि तो अजून गेलेला नाही. गावात प्रत्येक घरी कुत्रा आहे. निघण्याआधी सिंगापूरलाच रेबीजची प्रतिबंधक लस घ्या, मुलं असतील तर त्यांना आधी. चावा लागला तर साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी ‘पुस्केस्मास’ला, म्हणजे आरोग्य केंद्रात, जायचं. छातीत दुखलं, अपघात झाला, तर रुतेंगचं इस्पितळ, आणि त्यापुढचं काही असेल तर विमानाने बालीला. हवाई रुग्णवाहिकेचा विमा नसेल तर या डोंगरात कायमचं राहू नका, एवढं मी निक्षून सांगतो.

जमीन हलते हेही ध्यानात ठेवा. १२ डिसेंबर १९९२ च्या भूकंपाने आणि लाटेने याच बेटावर मौमेरेकडे दोन हजारांवर माणसं गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेवोतोबी ज्वालामुखी उसळला तेव्हा बळी तर गेलेच, शिवाय राखेमुळे बालीची उड्डाणंही रद्द झाली. घर हलकं बांधा, लाकडी सांगाड्याचं, पत्र्याचं. दगडी भिंतीचा मोह तिथं नको.

पाहुण्यांचा हिशेब आता सांगतो. भारतातून बालीला जायचं, तिथून लाबुआन बाजोचं विमान तासा-सव्वातासाचं. पुढे रुतेंग सुमारे १३० किलोमीटर, पण रस्ता इतका वळणांचा की चार तास जातात, आणि तुमचं गाव त्याच्याही पुढे. जानेवारी-फेब्रुवारीत दरडी पडल्या की दिवसच्या दिवस वाट बंद. लाबुआन बाजोला येणारे बहुतेक प्रवासी कोमोदोचे महाकाय सरडे बघायला आणि बोटीवर राहायला येतात; सरकारने त्या गावाला अग्रक्रमाच्या पाच पर्यटनस्थळांत घेतलं, मे २०२३ मध्ये आसियानची शिखर परिषदही तिथं झाली, आणि किनाऱ्याच्या जमिनीचे भाव आभाळाला भिडले. त्या भावांची झळ डोंगराला लागायला लागली आहे. तुम्हाला जागा दाखवली गेली ती त्यामुळेच. पण पैसा अजून वर चढलेला नाही.

वाए रेबो या मांगराई गावाचं उदाहरण सगळे देतात. सात शंकूच्या आकाराची पाचमजली घरं, दोन-तीन तासांची चढण, २०१२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार. तिथं पाहुणे येतात, कारण तसं गाव दुसरं नाही, आणि ते चालतं कारण पाहुण्यांचे पैसे एका घरात न जाता गावाच्या सामाईक पेटीत जातात. तुमच्या गावाला धुकं आहे, कॉफी आहे, दरी आहे. फ्लोरेसमध्ये अशी शंभर गावं आहेत. समजा माणशी तीन लाख रुपिया, म्हणजे सोळाशे-सतराशे रुपये, जेवणासकट घेतले. जुलै-ऑगस्टमध्ये खोल्या बऱ्यापैकी भरतील, मे-जून आणि सप्टेंबरात अधूनमधून, पावसाळ्यात कोणी येणार नाही. वर्षाला ऐंशी-नव्वद माणूस-रात्री मिळाल्या तर ते यश समजा. म्हणजे दीडेक लाख रुपये, आणि त्यातून धान्य, चादरी, रॉकेल, पाणी. शिवाय ‘पोंदोक विसाता’ नावाचा घरगुती निवासाचा परवाना फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळतो. तुम्ही स्वतः पाहुणे ठेवून पैसे घेतले, तर व्हिसा मोडल्याबद्दल देशाबाहेर काढू शकतात.

म्हणून माझा सल्ला असा की खोल्या गावातल्या घरांनाच काढू द्या. तुम्ही संडास नीट बांधायला मदत करा, बुकिंगचे निरोप इंग्रजीत लिहून द्या, कॉफी वाळवायला उंच खाट करून द्या. जमिनीवर पसरलेली कॉफी बुरसते आणि व्यापारी तिचा भाव पाडतो. बांबूच्या खाटेवर, वर प्लास्टिक घालून वाळवली तर तीच कॉफी चांगल्या भावाने जाते. माझ्या अनुभवात एका हंगामात घरटी जेवढे पैसे या खाटेने आणले, तेवढे पाहुण्यांनी तीन वर्षांत आणले नाहीत.

नुसतं पाहून येण्यासाठी व्हिसाचं सोपं आहे. भारतीय पासपोर्टवर विमानतळावर उतरल्यावर किंवा आधी ऑनलाइन, पाच लाख रुपियांत ३० दिवसांचा मिळतो आणि एकदा आणखी ३० दिवस वाढतो. दर खेपेला गावात पोचल्यावर पहिल्याच दिवशी केपाला देसाकडे जाऊन आपल्या मुक्कामाची नोंद करा. जागेचं काहीही ठरवायच्या आधी दोन वेगवेगळ्या ऋतूंत असे दोन मुक्काम करा, आणि त्यातला एक जानेवारी-फेब्रुवारीत असू द्या, जेव्हा दरी दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि नळी जोडायला चिखलात जावं लागतं. दुसरा पेंतीच्या वेळी ठेवा. त्या रात्री ढोलघरात सगळी कुळं बसतात. जमिनीचा विषय तुम्ही काढू नका. तुम्हाला कुठं बसवतात, दाराशी की मधल्या खांबाजवळ, एवढं बघा, आणि मला कळवा. भाडेपट्ट्याचा मसुदा त्यानंतर लिहू.